४२९४९६७२९७ प्राइम आहे की नाही? माझा प्रोग्राम तर आहे म्हणतोय

उगाच_विचारतो

मंडळी, दोन दिवस हा एक आकडा डोकं खातोय. टाइमपास म्हणून पायथनमध्ये प्राइम म्हणजे मूळ संख्या ओळखणारा छोटा प्रोग्राम लिहिलाय. पद्धत साधी आहे, आधी पहिल्या १०० मूळ संख्यांनी म्हणजे २ पासून ५४१ पर्यंत भाग देऊन बघायचा, कशानेच गेला नाही तर मग फर्माची कसोटी लावायची, म्हणजे तपासायची संख्या न धरून २ चा (न − १) वा घात घ्यायचा, त्याला न ने भागायचं, बाकी १ आली की प्राइम म्हणून मोकळं व्हायचं.

कसोटी शंभर टक्के खात्रीची नाही हे माहितीये. ३४१ ला ती फसते कारण ३४१ = ११ × ३१ असूनही बाकी १ येते, पण असले लहान अवयव माझ्या पहिल्याच गाळणीत पकडले जातात आणि अशा फसव्या संख्या मुळात फार विरळ असतात, २५ अब्जांच्या खाली फक्त २१८५३ आहेत म्हणे. त्यामुळे मी निवांत होतो.

मग गंमत म्हणून ३, ५, १७, २५७, ६५५३७ ही मालिका टाकली (२^१ + १, २^२ + १, २^४ + १, असं घात दुप्पट करत जायचं). पाचही प्राइम, बरोबर. पुढचा २^३२ + १ म्हणजे ४२९४९६७२९७, त्यालाही प्रोग्राम म्हणाला प्राइम. नंतर कुठेतरी वाचलं की हा ६४१ × ६७००४१७ आहे. विश्वास बसेना म्हणून कागदावर गुणाकार केला, खरंच तेवढाच येतो.

आता २५ अब्जांत एकवीस हजार संख्या फसव्या, आणि मी सहज उचललेली सहावी संख्या नेमकी त्यातली निघावी? हा योगायोग की माझ्या कोडमध्ये काही घोळ आहे?

रात्रपाळी

ओव्हरफ्लो असणार भावा, दुसरं काय. ३२ बिटांत मावणारी सगळ्यात मोठी संख्या ४२९४९६७२९५. तुझा आकडा त्याच्यापेक्षा बरोब्बर २ ने मोठा, तो ३२ बिटांत कोंबला की वरचा बिट गळून पडतो आणि हातात राहतो फक्त १. मग १ वर काय वाट्टेल ती कसोटी लाव.

उगाच_विचारतो

पायथन आहे हो, त्यात पूर्णांक हवा तेवढा मोठा होतो. आकडा प्रिंट करून बघितला, पूर्ण दहा अंकी येतोय. बाकीही खरंच १ येतेय, दुसऱ्या कॅल्क्युलेटरवरही तेच.

रात्रपाळी

थांब, मीच सीमध्ये लिहून बघतो.

बघितलं. ६४ बिटांचा अनसाइन्ड घेतला, तुझीच पद्धत, २ घेऊन ३२ वेळा वर्ग करायचा आणि दर वेळी न ने भागून बाकी ठेवायची (न − १ म्हणजे २^३२ ना, त्यामुळे नुसते वर्ग करत गेलं की झालं). शेवटी बाकी ० आली. १ नाही, म्हणजे प्राइम नाही. माझा बरोबर सांगतोय, तुझ्याच कोडमध्ये घोळ आहे 😎

बाकीशून्य

@रात्रपाळी, नाव माझं बाकीशून्य असलं तरी इथे बाकी शून्य येऊच शकत नाही. २ च्या कुठल्याही घातात २ सोडून दुसरा अवयव नाही, आणि ४२९४९६७२९७ आहे विषम. विषम संख्येने २ च्या घाताला नि:शेष भाग जाईलच कसा? तुझं उत्तर बरोबर आलंय ते चुकून, आणि @उगाच_विचारतो तुझं चुकीचं उत्तर आलंय ते अगदी बरोबर कोडमधून. असलं काही मी पहिल्यांदाच बघतोय.

दोघांनी कागदावर करून बघा, कारण हे वर्ग इतके सोपे आहेत की कॉम्प्युटर लागतच नाही. सुरुवात २. वर्ग ४. मग १६. मग २५६. मग ६५५३६. मग ४२९४९६७२९६. इथपर्यंत भागायचीच वेळ आली नाही, कारण हा शेवटचा आकडाही न पेक्षा १ ने लहान आहे. म्हणजे बाकीच्या भाषेत तो −१ झाला. आता पुढचा वर्ग, (−१) चा वर्ग १. आणि त्यानंतर १ चा वर्ग १, १ चा वर्ग १, असं उरलेले २६ वेळा काहीही घडत नाही.

रात्रपाळीच्या कोडमध्ये गोची त्याच पायरीवर झाली. ४२९४९६७२९६ चा वर्ग म्हणजे २^६४, तो ६४ बिटांत मावत नाही, नेमका एकाने बाहेर जातो, म्हणून मशीनने ० ठेवला. मग ० चा वर्ग ०, शेवटपर्यंत ०.

आता मूळ प्रश्न, योगायोग आहे का. नाही. वरच्या पायऱ्या परत वाचा, त्यात न प्राइम आहे की नाही हे कुठे वापरलंय? कुठेच नाही. आपण फक्त एवढंच वापरलं की न = २^३२ + १, म्हणून २^३२ ची बाकी −१. न जर २ च्याच घातापासून बनवलाय तर त्याला २ बद्दल प्रश्न विचारून नवीन काय कळणार? आरोपीलाच साक्षीला उभं केल्यासारखं आहे. या मालिकेतली प्रत्येक संख्या, कितीही पुढची घ्या, २ ची कसोटी पास होते. ३, ५, १७, २५७ वगैरे पास झाल्या तेव्हाही त्या प्राइम आहेत म्हणून पास झाल्या असं नाही, त्या तशाही पास झाल्याच असत्या. म्हणजे त्या पाच वेळेलाही तुझ्या प्रोग्रामची दुसरी पायरी काहीच काम करत नव्हती, उत्तर जुळलं म्हणून लक्षात आलं नाही इतकंच.

आणि जरा कडक म्हणतात ती मिलर-राबिनची कसोटी २ घेऊन लावलीत तरी हेच होणार. त्यात १ च्या आधी −१ दिसला की पास, आणि इथे −१ तर थाटात येऊन बसलाय.

२ च्या जागी ३ घ्या. माझ्याकडे ३ चा (न − १) वा घात घेतला तर बाकी ३०२९०२६१६० आली. १ नाही, विषय संपला. यात अवयव कोणते ते कळत नाही पण प्राइम नाही हे पक्कं कळतं. पेपँची कसोटी म्हणून आहे ती खास याच मालिकेसाठी आणि ३ घेऊनच करतात, ३ चा (न − १)/२ वा घात घ्यायचा, −१ आला तरच प्राइम. इथे १०३२४३०३ येतो.

उगाच_विचारतो

अरे देवा. म्हणजे मी पाच वेळा पास झालेल्या गोष्टीवर विश्वास ठेवला आणि ती पासच होणार होती 🤦

आणखी एक वाईट वाटलेली गोष्ट सांगतो. मोजून बघितलं, ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे. मी १०० वर थांबलो. अजून सोळा घेतल्या असत्या तर पहिल्या गाळणीतच सापडला असता.

पण मग मला सांगा, ऑयलरने हे १७३२ साली शोधलं असं वाचलं, कॉम्प्युटर नाही काही नाही, दहा अंकी संख्येला ११५ वेळा फुकट भाग देत बसला का तो माणूस?

जुना_खडू

इतकी वर्षं खडू घासलाय, आता राहवत नाही म्हणून लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी पार्श्वभूमी. फर्माने १६४० मध्ये पत्रातून कळवलं होतं की या मालिकेतल्या सगळ्या संख्या मूळ आहेत असं त्याला वाटतं, सिद्धता मात्र जमलेली नाही. पुढे डिसेंबर १७२९ मध्ये गोल्डबाखने ऑयलरला पत्राच्या ताजा कलमात सहज विचारलं की फर्माचं हे म्हणणं तुम्हाला माहीत आहे का. ऑयलर तेव्हा बावीस वर्षांचा. १७३२ मध्ये त्याने सांगितलं की पुढच्याच, म्हणजे आपल्या या संख्येला ६४१ ने भाग जातो. त्या लेखात कसा शोधला ते नाही, पुष्कळ दिवस विचार केल्यावर दिसलं एवढंच म्हणतो. कारण काही वर्षांनी दुसऱ्या लेखात येतं. आणि ते कारण म्हणजे वर बाकीशून्य यांनी लिहिलेलीच गोष्ट आहे, फक्त उलट बाजूने बघायची.

समजा प हा ४२९४९६७२९७ चा कुठलातरी मूळ अवयव आहे. १ पासून सुरू करा, दुप्पट करत चला, दर वेळी प ने भागून बाकी ठेवा. ३२ पावलांनी तुम्ही −१ वर पोचता, कारण प ने २^३२ + १ ला भाग जातो. ६४ पावलांनी परत १ वर येता. म्हणजे हे एक चक्र झालं आणि त्याची लांबी ६४ ला भागणारी असणार. ६४ चे ६४ पेक्षा लहान विभाजक १, २, ४, ८, १६, ३२, हे सगळे ३२ ला भागतात, म्हणजे चक्र त्यातलं एखादं असतं तर ३२ पावलांनी आपण १ वर असायला हवे होतो. आपण होतो −१ वर. म्हणून चक्र बरोबर ६४ चं.

आता फर्माचंच छोटं प्रमेय सांगतं की मूळ संख्या प असेल तर प − १ पावलांनी परत १ वर येतोच येतो. म्हणजे ६४ ने प − १ ला भाग जायलाच हवा. प = ६४क + १, क कुठलीही पूर्ण संख्या. झालं!

आता यादी करा. ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या ६५, १२९, ३२१, ३८५, ५१३ या संयुक्त, सोडून द्या. राहिल्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. एकशेपंधरा फुकटचे भागाकार नाहीत, फक्त चार, पाचवा लागला.

जी गोष्ट २ च्या कसोटीला आंधळं करते तीच अवयवाचा पत्ता सांगते. मला हे वर्गात शिकवताना दर वेळी मजा यायची, आणि दर वेळी शेवटच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं की मग फर्माला का नाही सुचलं. मला आजही उत्तर देता येत नाही! कारण त्याच १६४० साली त्याने याच युक्तीने २^३७ − १ चा अवयव २२३ शोधला होता (तिथे अवयव ७४क + १ असे असतात, २२३ = ७४ × ३ + १). हत्यार हातात होतं, धार लावलेली होती, आणि इथे चालवलं नाही. की चालवलं आणि कुठेतरी भागाकारात चुकला, कोण जाणे.

चौरसवेडी

सर, मस्त लिहिलंत. त्यात लुकास या फ्रेंच गणितज्ञाची भर घाला ना, १८७८ ची, की ६४क + १ नाही तर १२८क + १ असतात. मग यादी अजून अर्धी होते.

जुना_खडू

हो की. तीही दोन ओळींत होते. (२^२४ − २^८) याचा वर्ग करा, येतं २^४८ − २ × २^३२ + २^१६. पहिलं आणि तिसरं पद एकत्र घ्या, २^१६ × (२^३२ + १), त्याला प ने भाग जातो, गेलं. उरलं −२ × २^३२, आणि २^३२ म्हणजे −१, म्हणून उरले २. म्हणजे या बाक्यांच्या जगात २ हा स्वतःच कुणाचा तरी वर्ग आहे! त्या कुणाचं तरी चक्र मग ६४ च्या दुप्पट, १२८ चं.

यादी आता १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. संयुक्त काढल्या की २५७ आणि ६४१ दोनच. आणि २५७ ही तर याच मालिकेतली. मालिकेतल्या दोन संख्यांचा मसावि नेहमी १ असतो, कारण ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ = ४२९४९६७२९५, म्हणजे आपल्या संख्येपेक्षा बरोबर २ ने कमी. २५७ ने याला भाग जातो, मग २ ने पुढे असलेल्या संख्येला २५७ ने भागलं की बाकी २ उरणार. भाग न देताच बाद.

राहिला ६४१. पहिल्याच भागाकारात लागला!

उगाच_विचारतो

एक भागाकार. मी शंभर केले आणि तरी चुकलो.

रात्रपाळी

आयला, आणि ६७००४१७? तो प्राइम आहे हे पण सिद्ध करायला लागेल ना. का तिथे परत शंभर-दोनशे?

जुना_खडू

तोही त्याच युक्तीत सापडतो. ६७००४१७ चा कुठलाही मूळ अवयव हा ४२९४९६७२९७ चाही अवयव, म्हणजे तो १२८क + १ च असणार. वर्गमूळ साधारण २५८८, म्हणून तिथपर्यंतच बघायचं. या आकाराच्या मूळ संख्या तिथपर्यंत पाचच आहेत: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. २५७ आधीच बाद. ६४१ ने भागा, बाकी ४४. ७६९ ने बाकी १२०. ११५३ ने ३३४. १४०९ ने ६२२. चार भागाकार, आणि सात अंकी संख्या मूळ असल्याची पक्की सिद्धता हातात. पाटीवर होतं हे. एका बैठकीत होतं.

झेरा कोलबर्न नावाचा अमेरिकन मुलगा होता, १८०४ चा जन्म, तोंडी गणितं करून दाखवायचा. लंडनमध्ये प्रयोग चालले होते तेव्हा त्याला हीच संख्या घातली होती, आणि आठेक वर्षांच्या पोराने डोक्यात ६४१ × ६७००४१७ काढून दिलं. त्याला हे १२८क + १ वगैरे कुणी सांगितलेलं नव्हतं हो.

बाकीशून्य

६४१ ने भाग जातो हे भागाकार न करता पण दाखवता येतं, मला ही सिद्धता फार आवडते म्हणून टाकतो.

६४१ = ५ × १२८ + १. म्हणजे ६४१ च्या बाक्यांत ५ × २^७ हा −१. चौथा घात घ्या, ५^४ × २^२८ हा १. आता ६४१ = ६२५ + १६ सुद्धा आहे, म्हणजे ५^४ + २^४. म्हणून ५^४ हा −२^४. वरती टाका, −२^४ × २^२८ = १, म्हणजे −२^३२ = १, म्हणजे २^३२ + १ = ०. झाली.

दहा अंकी संख्या कुठे लिहावीच लागली नाही. अर्थात ६४१ आधी माहीत असल्याशिवाय हे सुचायचं नाही, ही शोधण्याची पद्धत नाही, सापडल्यावर मिरवायची आहे.

गणितात_नापास

सगळं वाचलं, निम्मं कळलं. पण हा आकडा प्राइम असला काय नसला काय, कुणाचं काय अडतं?

बाकीशून्य

प्राइम असता तर तितक्या बाजूंचा समभुज समकोनी बहुभुज फक्त पट्टी आणि कंपास घेऊन काढता आला असता. गाऊसने १७९६ मध्ये १७ बाजूंचा जमतो हे दाखवलं ते याच मालिकेमुळे. बाजूंची संख्या विषम असेल तर ती या मालिकेतल्या मूळ संख्यांचा, प्रत्येक एकदाच घेऊन, गुणाकार असायला लागते. म्हणून ४२९४९६७२९७ बाजूंचा काढता येत नाही, पण दोन बाजू कमी केल्या की ४२९४९६७२९५ चा येतो, कारण तो आहे ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. आज माहीत असलेल्यांतला तो सगळ्यात मोठा विषम. काढून कुणी बघितलेला नाही 😄 ६५५३७ बाजूंवर हेर्मेस नावाच्या एका जर्मन गृहस्थांनी दहाएक वर्षं घालवली, ते बाड ग्योटिंगेनला ठेवलंय.

गणितात_नापास

म्हणजे कुणाचंच काही अडत नाही. ठीक आहे, पुढे चालू द्या, मजा येतेय.

चौरसवेडी

मला वाटलं माझी बाजू कुणीतरी लिहील पण कुणी लिहिली नाही, मग मीच लिहिते.

या संख्येचे तुकडे करायची दुसरी एक वाट आहे, तीही ऑयलरचीच, आणि मला ती भागाकारापेक्षा देखणी वाटते. ४२९४९६७२९७ ही दोन वर्गांची बेरीज आहे हे तर उघड दिसतंय, ६५५३६² + १². आता नियम असा की ४म + १ आकाराची मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत एकाच प्रकारे लिहिता येते, दुसरा प्रकार नाही. म्हणजे दुसरा प्रकार सापडला की ती मूळ नाही. आणि आपल्या संख्येला दुसरा प्रकार आहे:

६२२६४² + २०४४९²

करून बघा, ३८७६८०५६९६ + ४१८१६१६०१, बेरीज ४२९४९६७२९७. (२०४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग आहे, हे मला उगीचच आवडतं, त्याला काही अर्थ आहे असं नाही.)

आता या दोन प्रकारांतून अवयव कसे बाहेर काढायचे ते बघा. दोन्ही बेरजा सारख्या, म्हणून

६५५३६² − ६२२६४² = २०४४९² − १²

दोन्हीकडे वर्गांची वजाबाकी, शाळेतलं सूत्र लावा.

३२७२ × १२७८०० = २०४४८ × २०४५०

३२७२ आणि २०४४८ यांचा मसावि काढा, ८ येतो, उरतात ४०९ आणि २५५६. आता दुसरी जोडी, १२७८०० = ५० × २५५६ आणि २०४५० = ५० × ४०९. तेच दोन आकडे परत आले, यायलाच हवेत. आता ८ चे अर्धे ४, ५० चे अर्धे २५, आणि

४² + २५² = ६४१
४०९² + २५५६² = ६७००४१७

कुठेही भागून बघितलं नाही, अंदाज नाही, नुसता मसावि. पहिल्यांदा कागदावर केलं तेव्हा ६४१ उगवल्यावर मी खुर्चीवरून उठलेच होते.

आणि हे का चालतं त्याचं मूळ ब्रह्मगुप्ताच्या ‘भावना’ नावाच्या नियमात आहे, ब्राह्मस्फुटसिद्धान्त, इसवी सन ६२८. दोन वर्गांच्या बेरजेला दोन वर्गांच्या बेरजेने गुणलं की परत दोन वर्गांची बेरीज येते आणि ती दोन प्रकारे येते. इथे घालून बघा: २५ × २५५६ = ६३९००, ४ × ४०९ = १६३६. बेरीज ६५५३६, वजाबाकी ६२२६४. तसंच २५ × ४०९ = १०२२५, ४ × २५५६ = १०२२४. वजाबाकी १, बेरीज २०४४९. चारही आकडे हजर.

यात मला ते १०२२५ आणि १०२२४ बघायला आवडतं. वेगवेगळ्या अवयवांतून आलेले दोन गुणाकार, आणि फरक फक्त १. तो १ म्हणजे आपल्या २^३२ + १ मधला शेवटचा १, दुसरं काही नाही.

रात्रपाळी

ताई, पण ते ६२२६४ शोधायचं कसं? ते कुणी हातात आणून दिलं तर पुढचं सोपंच आहे.

चौरसवेडी

पकडलंत 😅 शोधायला घाम गाळावा लागतो हे खरं. १ पासून एकेक वर्ग वजा करत उरलेला पूर्ण वर्ग आहे का बघायचं, शेवटचे अंक बघून बरेच गाळता येतात पण तरी काम मोठं. या संख्येसाठी जुना_खडू सरांची वाट खूपच जवळची. माझी नुसती सुंदर.

जुना_खडू

सुंदरला नुसती म्हणू नका.

उगाच_विचारतो

सगळ्यांना धन्यवाद, कोड बदलला. २ ऐवजी आता २, ३, ५, ७ चारही घेऊन मिलर-राबिन लावतो, ४२९४९६७२९७ आता व्यवस्थित नापास होतोय.

मग हिंमत करून मालिकेतली पुढची घेतली, २^६४ + १ = १८४४६७४४०७३७०९५५१६१७. २ ची कसोटी पास (आता कारण माहितीये), ३ ची नापास. म्हटलं सरांच्या पद्धतीने अवयव काढू, इथे चक्र दुप्पट म्हणजे अवयव २५६क + १ असणार. क = १ पासून लूप लावला, एंटर दाबला आणि पाणी प्यायला उठणार होतो, तेवढ्यात थांबलाच. क = १०७१, अवयव २७४१७७. दुसरा ६७२८०४२१३१०७२१. नंतर बघितलं तर हे अवयव क्लाउझेनने १८५५ मध्ये काढले होते आणि पुढे लांद्रीने १८८० मध्ये, दोघांनीही हातानेच.

रात्रपाळी, तू पण तुझ्या सी वाल्यात टाकून बघ ना.

रात्रपाळी

टाकला. २ ने गुणत गुणत ६४ वेळा, मग १ मिळवला. प्रोग्राम म्हणतो तुमची संख्या १ आहे.

बाकीशून्य

६४ बिट. ओव्हरफ्लो असणार भावा, दुसरं काय.